सरकीची सुई

कापूस मऊ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी वेचलेला नसतो. बोंड उकललं की त्याचं कवच वाळून कडक होतं, टोकांना अणी येते, आणि त्या टोकांच्या मधोमध बोटं घालूनच पांढरा पुंजका उपसावा लागतो. पहिल्या दिवशी नखांच्या कडेला नुसती चुणचुण होते. तिसऱ्या दिवशी कालवणात तिखट टाकताना आपल्याला दहा बोटं आहेत हे एकेक करून कळायला लागतं. यंदा दिवाळी सरली, सकाळी विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसू लागली, मोताळ्याहून आमच्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या, आणि माझी बोटं आपोआप आखडली.

दुपारच्या उन्हात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, वाळकी पानं पायाखाली चुरचुरतात. वेचणाऱ्या बायांच्या कमरेच्या ओट्या फुगत जातात आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं, शेतातल्या सगळ्याच बाया गरोदर आहेत. हात चालू, तोंड चालू. आमच्याकडच्या निम्म्या सोयरिकी कापसाच्या ओळीत जुळतात आणि उरलेल्या तिथेच मोडतात. मला हा हंगाम आवडतो. पण तो आला की मला त्यातला एकच हंगाम आठवतो, सहा-सात वर्षांपूर्वीचा, आणि आठवला की मान जरा ताठ होते. होऊ दे. प्रत्येक सुनेला सासरच्या माणसाबद्दल असं वाटायचं भाग्य लाभत नाही.

मी नांदुऱ्याची. वडिलांचं आडतीचं दुकान, मागून रेल्वे जायची, पुढून कापसाच्या गाड्या. त्यामुळे कापूस मला गाडीत भरलेला ठाऊक होता, झाडावरचा नाही. लग्न होऊन रोहिणखेडच्या अलीकडच्या या गावात आले. नवरा खामगावला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात मी, सासूबाई आणि मामाजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. गाव त्यांना भास्करभाऊ म्हणतं.

मामाजी कधी चुकत नसत. म्हणजे चुकत, पण तसं कधी झालं नाही अशी त्यांची खात्री असे. एकदा त्यांनी चारचौघांत ठासून सांगितलं की एसटी पावणेदहाला येते. ती सव्वानऊलाच येऊन गेली. सहा माणसं फाट्यावर उभी. मामाजी म्हणाले, "एसटीचं चुकलं." लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी त्यांना हसत म्हटलं होतं, मामाजी, ही गावरान नाही, संकरित तूर आहे, पाकिटावर लिहिलंय. त्यांनी पाकीट उलटं करून ठेवलं. तेव्हापासून मी शहाणी झाले होते.

आणि सरकी. कापसातून सरकी निघते, करडी, अंगावर बारीक लव असलेली. एका वेचणीत घरात रचलेल्या कापसाच्या ढिगात कुठल्याशा कुत्रीने पिल्लू टाकलं आणि ती निघून गेली. ढीग उपसताना ते सासूबाईंच्या हाताला लागलं. रंग अगदी सरकीचा. नाव शोधावं लागलंच नाही. मामाजींनी तिला बैलांच्या कोठ्यात जागा दिली. पोळ्याला बैलांना बेगड लागायचं, तेव्हा सरकीच्या कपाळालाही हिंगूळ लागायचा. पुरणपोळीचा एक घास तिचा. कोणी विचारलं, भास्करभाऊ, घरी ढोरं किती? तर मामाजी म्हणत, "पाच." दोन बैल, एक गाय, एक गोऱ्हा आणि सरकी. कुत्र्याला ढोरांत मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना ते विचित्र वाटत नसे, आणि हळूहळू मलाही वाटेनासं झालं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी लसवाले गावात आले होते. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, ढोरं किती? मामाजी म्हणाले, पाच. त्यांनी कागदावर पाच लिहिलं. कसली सुई, असं सासूबाईंनी विचारलं, तर ते म्हणाले, "लाळ्याची." कोठ्यात अंधार, बैलांची आदळआपट, मामाजी एकेकाची शिंगं धरून उभे. शेवटी सरकी मोठ्याने केकाटली. मामाजी बाहेर आले ते हात झटकत. "झालं. पाचायले टोचलं."

आता लाळ्या म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ गळते. मग लाळ्याची सुई म्हणजे पिसाळण्यावरची सुई. ढोरांनाही टोचतात, कुत्र्यांनाही. हिशोब सरळ होता. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली तेव्हा त्यांनी बांधावर उभं राहून नऊच्या नऊ बायांना सांगितलं, "माह्या सरकीले सुई टोचेल हाय. पिसाळाचं भेव नाई. बेधडक हात लावा."

बाया बेधडक झाल्या. दुपारी भाकरी सोडली की सरकी एकेकीपुढे बसायची. रशीदाबी तिला ठेच्याचं बोट दाखवून चिडवायची. रशीदाबीच्या तीन शेळ्या बांधावर चरायच्या आणि सरकी त्यांना कुणाच्या पिकात जाऊ द्यायची नाही. कांताबाईची तान्ही मुलगी बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत झोपायची आणि झोळीखाली सरकीची जागा ठरलेली. बाया पाय लांब करून बसल्या की सरकी त्यांची बोंडांनी ओरबाडलेली बोटं चाटायची. त्यांना बरं वाटायचं. मलाही तिने चाटलेलं आठवतं, कोमट, खरखरीत.

तो कोल्हा भर दुपारी आला. कोल्हे आमच्याकडे आहेत, डोंगर काही लांब नाही. पण ते तिन्हीसांजेला, दबकत, माणसाचा वास टाळत जातात. हा नाल्यातून वर आला तो सरळ बायांच्या रोखाने. मागचे पाय वेडेवाकडे पडत होते, तोंडाला फेस, आणि नजर आपल्याकडे असूनही आपल्यावर नाही. पहिल्यांदा त्याने रशीदाबीच्या शेळीची मांडी धरली. शेळी ओरडली तशा बाया ओट्या सोडून पळाल्या. कांताबाई मात्र उलटी, झोळीकडे धावली. तिच्या आधी सरकी पोचली होती.

पुढचं आम्ही कुणीच नीट पाहिलं नाही. धूळ, गुरगुर, दोन करडी अंगं एकमेकांत गुंतलेली. मग कोल्हा सुटला आणि नाल्यात उतरला. सरकी परत आली, जीभ बाहेर, अंग ओलं, वरचा ओठ जरासा फाटलेला. कोल्ह्याचा दात लागला की बाभळीचा काटा, ते सांगायला कुणी नव्हतं. झोळीतली मुलगी झोपलेली होती.

मग काय विचारता! बायांनी सरकीला गराडाच घातला. कुणी पदराने तिचं तोंड पुसलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी कुरवाळता कुरवाळता रडलं. कांताबाईने तर तिचं डोकं पोटाशी धरलं. ओठावर हळद भरली. मामाजी आले, त्यांनीही तिला अंगाखांद्यावर घेतलं. कोल्हा पिसाळलेला होता हे सगळ्यांनाच कळलं होतं. पण सरकीला सुई होती ना! दुसऱ्या दिवशी कोल्हा नाल्यात मरून पडलेला सापडला, तो गावातल्यांनी खड्डा करून पुरून टाकला. मामाजी पारावर बसून लढाई सांगत होते. ऐकणारा बदलला की कोल्हा जरा मोठा व्हायचा.

त्या दुपारी रशीदाबी आमच्या दारात आली. शेळीचं काय करावं, हा तिचा प्रश्न. "भाऊ, तुमच्या सरकीले कोनती सुई देल्ली? तेच माह्या बकरीले देतो."

मामाजी खुशीत होते. "सूनबाई, तो कागद आन."

लसवाले देऊन गेलेला कागद पेटीत होता. मी तो उजेडात धरला. रोग, या शब्दापुढे लिहिलं होतं, लाळ्या-खुरकूत. जनावरे, पाच. मी ते दोनदा वाचलं. नांदुऱ्याच्या आडत्याची मुलगी मी, मला ढोरांचे रोग काय माहीत! पण खुरकूत या शब्दात खूर आहे, एवढं मराठी मला येत होतं. आणि कुत्र्याला खूर नसतात.

मी आतून ओरडले, "सापडून नाई राह्यला." तो माझ्या हातातच होता. मामाजी म्हणाले, सकाळी दवाखान्यातच विचारून सांगतो, आणि रशीदाबी गेली.

मोठ्या माणसाला त्याची चूक सांगणं ही आपल्याकडे एक वेगळीच विद्या आहे. आधी चहा द्यायचा. मग दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीची गोष्ट काढायची. मग विषय असा फिरवायचा की चूक त्यांनाच सापडावी. मला यातलं काही जमत नाही. मी कागद घेऊन सरळ कोठ्यात गेले.

"मामाजी, हे खुराचं हाय."

"काय खुराचं?"

"खुरकूत लिहिलंय. लाळ्या अन् खुरकूत, एकच रोग. गाईबैलायचा. सरकीले खुरं कोठी हायत?"

"लाळ्या हाय ना? पिसाळलेल्याची लाळच गळते." त्यांचा आवाज चढला होता. पण बोलता बोलता त्यांनी खाली, सरकीच्या पायांकडे पाहिलं. ती शेपटी हलवत होती. ते पाहतच राहिले.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "तिले टोचलंच कोठी? बैलानं पाय देल्ला, तवा केकाटली ते."

"तू तवा काऊन नाई बोलली?"

"तुमाले कोन सांगीन? तुमी आइकता काय कोनाचं?"

सासूबाईंनी हे रागाने म्हटलं नव्हतं. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मामाजी गव्हाणीच्या कडेला बसले. मी त्यांना असं मधेच बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

सकाळी ऑटो करून आम्ही मोताळ्याला ढोरांच्या दवाखान्यात गेलो. सरकीच्या गळ्यात बैलाचं दावं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, साताऱ्याकडच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी हातमोजे घातले, कागद पाहिला, आणि हसल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

"जखम धुतली होती?"

"हळद भरली," मामाजी म्हणाले.

"हळद नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, तेव्हाच्या तेव्हा." त्यांनी आता तरी म्हणून ओठ धुवायला घेतला. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. कोल्हा पुरलेला, त्यामुळे तपासणी होणार नाही. त्याची लक्षणं पाहता तो पिसाळलेलाच धरायचा. सरकीला आज सुई, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. शेळीलाही आजच आणायचं. "पण आधी लस न झालेल्या कुत्र्याची खात्री मी देऊ शकत नाही. काही डॉक्टर अशा वेळी कुत्र्याला कायमचं झोपवायला सांगतात. तुम्ही तिला वेगळी बांधू शकाल? सहा महिने? कुणीही हात न लावता?"

"ठेवीन," मामाजी म्हणाले.

"आणि त्या दिवशी हिला कुणी कुणी हात लावला? कोल्ह्याची लाळ हिच्या अंगावर असणार. हाताला चिरा, खरचटलेलं असेल, तर त्या माणसांनाही लस लागेल. हा आजार एकदा उठला की मग औषध नाही. उद्या नाही, आजच."

मामाजींच्या चेहऱ्यावर मला त्या नऊ जणींची बोटं दिसली. कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताला चिरा नाहीत, असा एक दिवस नसतो.

घरी आलो तर सासूबाई वाट पाहत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. आणि मग त्या जे बोलल्या त्यासाठी मी त्यांना कधी दोष दिला नाही, कारण ते त्या एकट्या बोलत नव्हत्या, आमच्यासारखं कुठलंही घर बोललं असतं. "चार दिवस दम धरा. आभाळ आलं हाय, कापूस सारा झाडावर हाय. बाया बिचकल्या तं येचाले कोन येईन? अन् काई झालंच नाई तं? फुकटची बदनामी. भास्करभाऊनं खोटं सांगतलं म्हनतीन."

मामाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मला राहवेना. "मी जाते शेतात. मी सांगते."

"तू नाई," ते म्हणाले. "सुई टोचली म्हनून म्या सांगतलं होतं. नाई टोचली हेबी म्याच सांगीन."

आणि ते उठले. पाणीसुद्धा न पिता. मी मागोमाग गेले.

दुपार कलायला आली होती. आकाशात पश्चिमेला करडे ढग, वारा पडलेला. बाया ओळीत वाकलेल्या. मामाजी बांधावर उभे राहिले, तिथेच, जिथे उभं राहून त्यांनी बेधडक हात लावा म्हटलं होतं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज सगळीकडे पोचला होता. आज पोचेना. ते बांधावरून खाली उतरले, पऱ्हाट्यांतून वाट काढत मधोमध गेले. बायांनी मान वर केली.

"कामं थांबवा," ते म्हणाले. "म्या तुमाले चुकीचं सांगतलं. सरकीले सुई नाई टोचेल. ते ढोरायची सुई व्हती, खुराची. मले समजलं नाई, अन् म्या कोनाले इचारलंबी नाई. कोल्हा पिसाळेल होता. त्याची लाळ सरकीच्या आंगाले होती. तुमचे हात फाटेल हायत. आता दवाखान्यात जा लागते, साऱ्यायले. चूक माह्यी हाय."

एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. मधे मधे ते थांबत होते आणि एकही बाई त्यांना शब्द पुरवत नव्हती.

कांताबाई पहिल्यांदा बोलली. "भाऊ, तुमी म्हनलं बेधडक हात लावा. तुमच्या बोलन्यावर आमी लावला."

"हाव. माह्या बोलन्यावर लावला."

"माह्यी पोरगी आंगावर पेते, भाऊ!" तिचा आवाज फाटला. "मले काई झालं तं?"

"तुले काई होऊ नाई म्हनूनच आलो, माय. मले काईबी बोल. साऱ्याजनी बोला, म्या आइकतो. पन आंदी ट्रॅक्टरात बसा."

मी चाळिशीकडे झुकलेली बाई आहे. भाषणं पुष्कळ ऐकली, नांदुऱ्याच्या बाजारात आणि इथल्या निवडणुकांतही. पण वाक्य म्हणजे काय ते मला त्या दिवशी कपाशीत उभं राहून कळलं. माझ्या मनात भीती होती, राग होता, आणि त्या सगळ्याच्या वर, लख्ख, अभिमान होता. हा माझा सासरा. एसटीला चुकीची ठरवणारा.

नऊ बाया, मामाजी आणि मी ट्रॉलीत बसलो. मामाजींनी ट्रॅक्टर चालवायला शेजाऱ्याला बसवलं. घाईत बायांच्या कमरेच्या ओट्या तशाच राहिल्या होत्या, अर्ध्या भरलेल्या. वाटेत घरी थांबून सगळ्यांनी साबणाने हात चोळचोळून धुतले. माणसांच्या सरकारी दवाखान्यात रांग होती. नर्सबाईंनी इतक्या जणींना एकदम पाहून विचारलं, पहिलं कोण?

"मी," मामाजी म्हणाले. त्यांनी बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं की मामाजींना सुईची भीती वाटते. बैलाची शिंगं धरणारा माणूस नर्सबाईंच्या हाताकडे बघत नव्हता.

रशीदाबी म्हणाली, "डोये उघडा भाऊ, कोल्हा नाई थो. नर्सबाई हाय."

बाया हसल्या. कांताबाई हसली नाही. ती पुढच्या दोन सुयांपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही, आणि मामाजींनीही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. तिसऱ्या सुईच्या दिवशी ट्रॉलीत चढताना तिने आपली मुलगी त्यांच्या हातात दिली, पदर सावरायला म्हणून. पदर सावरून झाला तरी तिने ती परत मागितली नाही.

रशीदाबीच्या शेळीलाही त्याच दिवसापासून ढोरांच्या दवाखान्यात सुया झाल्या. दोघी जणी वेचायला यायच्या बंद झाल्या. पाऊस पडला तो पडलाच, थोडा कापूस झाडावरच भिजून पिवळा पडला. पारावर मामाजींना पाहून कुणीतरी म्हणायचं, "भास्करभाऊ, सरकीले खुरं फुटले का?" पूर्वी अशा बोलण्यावर भांडण झालं असतं. आता मामाजी शांतपणे सांगायचे, कसं झालं, लाळ्या म्हणजे काय, खुरकूत म्हणजे काय, आणि कुत्र्याची सुई वेगळी कशी. लोक हसायचे. पण त्याच आठवड्यात एकेक जण आमच्या दाराशी यायला लागला, खिशात घडी केलेला कागद घेऊन. "सूनबाई, जरा वाचून दे वं." मी वाचायची. लाळ्या-खुरकूत. लाळ्या-खुरकूत. गावातल्या किती घरांनी आपल्या कुत्र्याला सुई झाली असं धरून ठेवलं होतं, ते त्या कागदांवरून कळत गेलं. चूक गावभर पसरली होती. ती तोंडाने कबूल करणारा माणूस मात्र एकच निघाला. मग डॉक्टरीणबाईंना गावात बोलावलं. देवळासमोर कुत्र्यांची रांग लागली, आणि ती गुरगुरणारी, एकमेकांवर धावणारी रांग लावून धरायला मामाजी सकाळपासून काठी घेऊन उभे होते.

सरकीचे सहा महिने मात्र कठीण गेले. तिला मागच्या अंगणात, जाळी लावलेल्या पडवीत ठेवलं. ताटली लांब बांबूने आत सरकवायची, पाणीही तसंच. रोज सकाळी पहिलं काम, ती पाणी पिते का ते बघायचं. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं असं सगळे म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की कुत्र्यात ते तसं दिसतंच असं नाही. आवाज बदलतो का, घास गिळता येतो का, उगाच अंगावर येते का, हेही पाहा. पण आमचं मन पाण्यावरच अडलेलं. ती लपलप पाणी प्यायची आणि सासूबाई पदराने डोळे पुसून चुलीकडे वळायच्या. कधी तिला नुसतं झोपून राहावंसं वाटे, भांडं तसंच राही, आणि त्या दिवशी घरात कुणी जेवत नसे. तिला काय कळत असणार? लढाई जिंकून आली होती ती. त्या दिवशी नऊ जणींनी कुरवाळलं, आणि मग एकाएकी कुणी हातच लावेना. ती जाळीला नाक लावून बसायची. मामाजी हातभर लांब पाट टाकून बसायचे आणि तिच्याशी बोलायचे. दुसरी वेचणी झाली, तिसरी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, शेत उघडं झालं, आंब्याला कैऱ्या धरल्या. मी एकदा त्यांचं बोलणं ऐकलं. ते तिला म्हणत होते, "तुह्यं काई चुकलं नाई, बाई."

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मामाजींनी जाळी उघडली. सरकी बाहेर आली आणि दोन पावलांवर थांबली. तिला वाटलं असावं, अजून हात लावायची मनाई आहे. मामाजी खाली, तापलेल्या मातीत बसले आणि त्यांनी हात पुढे केला. मग ती आली. ते तिच्या मानेत तोंड खुपसून रडले, आमच्यासमोर, आणि नंतर डोळ्यात काही गेलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

माहेरी गेले की अजून कुणी विचारतं, सासर कसं गं? त्यांना घर, शेत, विहीर ऐकायची असते. मी हा हंगाम सांगते. माझे वडील एकदा हे ऐकून म्हणाले, मला नसतं जमलं. त्यांनी तेवढं म्हटलं म्हणून मला तेही त्या दिवशी फार आवडले.

सरकी आता म्हातारी झाली आहे. तोंड पांढरं पडलंय, मागचा एक पाय ओढते. तिला दरवर्षी सुई होते, तिचीच, आणि तिचं वेगळं कार्ड आहे. परवा वेचणीला डोणगावकडून नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी आली होती. भाकरीच्या वेळी सरकी तिच्यापुढे जाऊन बसली, तशी तिने ओरबाडलेली बोटं झटकन पदरात घेतली.

"इले सुई टोचेल हाय का?"

"हाव, टोचेल हाय," मामाजी म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. "थांब, कार्ड आनतो."

रशीदाबीने भाकरीचा तुकडा मोडला. मान वर न करताच ती म्हणाली, "बसा भाऊ. टोचेल नसती, तं तेबी तुमीच सांगतलं असतं."